डोक्याच्या शेपप्रमाणे बाईकचं हेल्मेट कसं निवडायचं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हेल्मेट घेताना बहुतेक जण आधी रंग बघतात, मग ग्राफिक्स, मग साईज विचारतात आणि झालं. डोक्याच्या शेपचा विषयच निघत नाही. मग घरी आल्यावर कपाळ ठणकायला लागलं की लोक एकतर पुढच्या वेळी एक साईज मोठं घेतात, नाहीतर हेल्मेट आरशाला लटकवून गाडी चालवतात, आणि हे दोन्ही बघून मला खरंच काळजी वाटते, कारण दुखण्याचं मूळ बऱ्याचदा साईजमध्ये नसतंच, शेपमध्ये असतं. म्हणून लोक जे प्रश्न परत परत विचारतात त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

टेपने मापून बरोबर साईज घेतली, तरी अर्ध्या तासात कपाळ दुखतं. असं का?

कारण टेप फक्त घेर सांगते. ५८ सेंटिमीटर घेराची दोन डोकी वरून बघा, एक कपाळापासून मागच्या उंचवट्यापर्यंत लांब आणि कानांवर अरुंद असेल आणि दुसरं जवळजवळ गोल. चार्टवर दोघांनाही 'एम'च येणार, पण एकाच हेल्मेटमध्ये दोघं सुखात राहू शकत नाहीत.

लांबट डोकं गोलसर हेल्मेटमध्ये गेलं की पुढे कपाळाच्या मधोमध आणि मागे दाब येतो आणि बाजूला कानांच्या वर बोट जाईल एवढी पोकळी राहते. गोल डोकं लांबट हेल्मेटमध्ये गेलं की उलटं होतं, कानशिलं आवळली जातात आणि कपाळासमोर मोकळी जागा राहते. म्हणजे कुठे दुखतंय आणि कुठे रिकामं वाटतंय या दोन गोष्टी नीट सांगता आल्या की अर्धा निकाल लागला. नुसतं 'टाइट होतंय' म्हणून चालत नाही, नेमकं कुठे टाइट होतंय ते सांगा.

डोक्याचे शेप किती प्रकारचे असतात?

हेल्मेटवाले साधारण तीन धरतात. लांबट अंडाकृती, मधला अंडाकृती आणि गोलसर. बाजारातली बहुतेक हेल्मेटं मधल्या शेपची असतात, म्हणजे बाजूपेक्षा पुढेमागे थोडी लांब, आणि बहुतेक लोकांना तीच बसतात. अडचण येते ती दोन्ही टोकांच्या लोकांची. आणि हे तीन काही कप्पे नाहीत, मधल्या-मधल्या छटा भरपूर आहेत, शिवाय कुणाचं कपाळ चपटं असतं, कुणाची मागची बाजू सपाट, कुणाचा टाळू उंच, त्यामुळे शेप कळला तरी डोक्यावर घालून बघणं सुटत नाही.

माझा शेप कोणता हे घरच्या घरी कसं कळेल?

केस ओले करून चापून बसवा, खुर्चीत सरळ बसा आणि कुणाला तरी बरोबर टाळूच्या वरून फोटो काढायला सांगा. फोन डोक्याजवळ आणू नका, हात उंच करून लांबून काढा आणि मग झूम करा, कारण जवळून काढलेल्या फोटोत मधला भाग फुगतो आणि शेप चुकीचा दिसतो. फोटोत नाकाचं टोक आणि दोन्ही कान दिसले पाहिजेत म्हणजे डोकं तिरकं नाही याची खात्री होते.

आकडा हवा असेल तर पुठ्ठ्याच्या बांधणीची दोन जाड पुस्तकं घ्या. एक कपाळाला आणि एक डोक्याच्या मागे टेकवा, दोन्ही एकमेकांना समांतर, आणि मधलं अंतर पट्टीने मोजा, ही झाली लांबी. मग तीच पुस्तकं कानांच्या थोडं वर दोन्ही बाजूंना लावून रुंदी मोजा. मोठ्या माणसांत लांबी साधारण १९ ते २० सेंटिमीटर आणि रुंदी १५ ते १६ च्या आसपास हे अगदी नेहमीचं आहे, तेव्हा ४ सेंटिमीटरचा फरक बघून आपलं डोकं फारच लांबट आहे असं समजू नका. फरक याहून बराच जास्त असेल तर लांबट, बराच कमी असेल तर गोलसर.

घेर कुठे मोजायचा?

भुवयांच्या वर साधारण अडीच सेंटिमीटर, कानांच्या वरून, मागे जिथे डोकं सगळ्यात जास्त बाहेर आलंय तिथून. शिवणकामाची कापडी टेप वापरा, तीन-चारदा मोजा आणि सगळ्यात मोठा आकडा धरा. टेप नसेल तर सुतळी गुंडाळून पट्टीवर मोजा. बऱ्याच कंपन्यांच्या चार्टवर ५५-५६ म्हणजे 'एस', ५७-५८ म्हणजे 'एम', ५९-६० म्हणजे 'एल', पण हे सगळ्यांचं सारखं नसतं, ज्या कंपनीचं घेताय तिचाच चार्ट बघा.

माझं माप दोन साईजच्या मध्ये येतं, लहान घेऊ की मोठं?

दोन्ही घालून बघा, आणि शेप जुळत असेल तर लहान घ्या. पण लहान साईजमध्ये एकाच जागी टोचत असेल तर मोठं घेऊन प्रश्न सुटत नाही, तिथे मॉडेलच बदला. ही गोष्ट मी प्रत्येकाला परत परत सांगतो. लांबट डोक्याचा माणूस गोल हेल्मेटमध्ये कपाळ वाचवायला एक साईज वर गेला की कपाळ वाचतं खरं, पण बाजूला आधीच असलेली पोकळी अजून मोठी होते, मग स्पीडला हेल्मेट डुलायला लागतं, मान वळवली की हेल्मेट थोडं उशिरा वळतं आणि पडलात तर ते डोक्यावर जागच्या जागी राहील याचा भरवसा उरत नाही.

नवीन हेल्मेट किती टाइट असलं पाहिजे?

तुम्हाला वाटतं त्यापेक्षा जास्त. पहिल्यांदा घालताना कान दुमडतात, थोडा जोर लावावा लागतो, ते नॉर्मल आहे. गाल आत दाबलेले वाटले पाहिजेत, इतके की दाढा मिटून बोललात तर गालाची आतली बाजू दातांना लागेल. कपाळावर, कानशिलांवर, मागे सगळीकडे सारखा दाब हवा, हात कुणीतरी घट्ट धरल्यासारखा, पण एका जागी ठणका नको. दाब आणि ठणका यातला फरक पाच मिनिटांत कळत नाही, वीस मिनिटांत कळतो.

दुकानात ट्राय करताना नेमकं काय काय बघायचं?

घाई करू नका आणि दुकानदारालाही करू देऊ नका.

स्ट्रॅपची दोन टोकं दोन हातांत धरून बाहेर ताणा म्हणजे तोंड रुंद होतं, मग पुढून मागे असं डोक्यात सरकवा. हेल्मेट पूर्ण खाली बसलं की कडा भुवयांच्या थोड्या वर यायला हवी आणि डोळ्यांसमोर वरखाली-बाजूला सगळं दिसायला हवं. स्ट्रॅप लावा. आता हेल्मेट दोन्ही हातांनी धरून डोकं स्थिर ठेवा आणि हेल्मेट डावीकडे-उजवीकडे फिरवायचा प्रयत्न करा. गालांची आणि कपाळाची कातडी हेल्मेटबरोबर ओढली गेली पाहिजे. कातडी जागेवर आणि हेल्मेट तिच्यावरून घसरतंय असं झालं तर ते सैल आहे. हेच वरखाली करून बघा.

मग कपाळ आणि अस्तराच्या मध्ये बोट घालून बघा, सहज जायला नको. कानशिलांपाशीही बघा, कारण लोक पुढेच बघतात आणि बाजूची पोकळी राहून जाते.

त्यानंतर सगळ्यात महत्त्वाचं, स्ट्रॅप लावलेला असताना मागच्या खालच्या कडेला बोटं अडकवून हेल्मेट वर आणि पुढे ढकला. ते पुढे घरंगळून डोळ्यांवर आलं किंवा निघालंच तर ते हेल्मेट तिथेच ठेवून द्या, कितीही आवडलं असलं तरी. युरोपच्या ईसीई २२ या हेल्मेटच्या सुरक्षा नियमात अशीच एक टेस्ट आहे, १० किलोचं वजन अर्ध्या मीटरवरून सोडून त्याचा झटका हेल्मेटच्या मागच्या कडेला देतात आणि हेल्मेट ३० अंशांपेक्षा जास्त फिरता कामा नये. पण ती टेस्ट ठरलेल्या शेपच्या, कडक, नकली डोक्यावर होते. तुमच्या डोक्यावर ती कुणी केलेली नसते, ती तुम्हालाच करायची आहे.

आणि शेवटी हेल्मेट न काढता वीस-तीस मिनिटं थांबा. इकडे तिकडे फिरा, ग्लोव्हज बघा, गाडीवर बसतो तसं वाकून बसा. मग काढल्या काढल्या लगेच आरशात बघा. कपाळावर हलकी, सगळीकडे सारखी लाली असेल तर ठीक, थोड्या वेळात जाते. मधोमध नाण्याएवढा गडद लाल ठिपका असेल आणि त्याच्या दोन्ही बाजूंची कातडी अगदी कोरी असेल तर सगळा भार तेवढ्या एका जागेवर येत होता, म्हणजे तुमच्या डोक्यासाठी ते हेल्मेट जास्त गोल आहे. दोन ठिपके कानशिलांवर असतील तर जास्त लांबट आहे.

वापरून वापरून सैल होईलच ना? मग आत्ता दुखलं तर काय बिघडलं?

सैल होतं ते आतलं मऊ अस्तर आणि गालांचे पॅड. ते पहिल्या काही आठवड्यांत दबतात, म्हणून तर नवीन हेल्मेट घट्ट घ्यायचं असतं. पण त्यांच्या मागे जो थर्माकोलसारखा कडक फोम असतो, ईपीएस म्हणतात तो, तो वापरून आकार बदलत नाही. कपाळाचा ठणका बहुतेक वेळा त्याच फोमच्या वळणामुळे असतो, अस्तर दबलं की डोकं त्याच्या अजून जवळ जातं, म्हणजे कधी कधी दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढतं. गाल आवळतात, ते सुटेल. कपाळ ठणकतंय, ते सुटणार नाही. एवढं लक्षात ठेवून निर्णय घ्या.

दुखतं तिथला फोम चमच्याने दाबून किंवा कोरून जागा करतात, करू का?

नको, अजिबात नको. धक्का शोषून घेणारा अख्ख्या हेल्मेटमधला मुख्य भाग तोच आहे. पडल्यावर तो चिरडतो आणि चिरडताना डोक्याला थांबायला थोडा जास्त वेळ आणि थोडं जास्त अंतर मिळतं, त्यामुळे मेंदूला बसणारा झटका कमी होतो. रॉथ आणि लोम्बार्ड या संशोधकांना धक्का शोषणाऱ्या हेल्मेटचं अमेरिकन पेटंट १९५३ साली मिळालं आणि आजची हेल्मेटं त्याच तत्त्वावर चालतात. हा फोम एकदाच चिरडतो, परत फुलत नाही. तुम्ही अंगठ्याने दाबून खळगा केलात म्हणजे बरोबर कपाळासमोरचं संरक्षण स्वतःच्या हाताने वापरून टाकलंत.

मग पॅड बदलून काम होतं का?

काही बाबतींत चांगलं होतं. गालांचे पॅड बऱ्याच चांगल्या हेल्मेटांना वेगवेगळ्या जाडीत मिळतात, शोएई या हेल्मेट कंपनीच्या काही मॉडेलांना ३१, ३५, ३९ मिलिमीटर असे पर्याय आहेत. डोकं नीट बसतंय पण चेहरा बारीक आहे म्हणून गालांपाशी सैल वाटतंय, किंवा चेहरा भरलेला आहे म्हणून जबडा आवळतोय, तर पॅड बदला, हेल्मेट बदलायची गरज नाही. आराई या दुसऱ्या कंपनीच्या बऱ्याच मॉडेलांत गालांच्या पॅडवर आणि कानशिलांपाशी ५ मिलिमीटरचा सोलून काढायचा थर असतो, शेपमध्ये बारीकसा फरक असेल तर तेवढ्याने भागतं.

पण पॅडने लांबट डोकं गोल हेल्मेटमध्ये बसवता येत नाही. पॅड ही शेवटच्या काही मिलिमीटरची दुरुस्ती आहे. आणि कंपनीचेच पॅड वापरा, सोफ्याचा स्पंज कापून भरू नका.

एका कंपनीचं 'एल' बसतं, म्हणजे त्यांचं कुठलंही मॉडेल बसेल?

नाही. आराईने तर अमेरिकेत मुद्दाम वेगवेगळ्या शेपची मॉडेलं ठेवली, सिग्नेट लांबट डोक्यांसाठी, क्वांटम गोलसर डोक्यांसाठी आणि कॉर्सेर मधल्या शेपसाठी. सगळ्या कंपन्या इतकं स्पष्ट सांगत नाहीत. शिवाय काही कंपन्या तेच मॉडेल वेगवेगळ्या भागांत वेगळ्या आतल्या शेपने विकतात, आशियासाठीचं थोडं रुंद आणि गोल, युरोप-अमेरिकेसाठीचं लांबट. साइझ चायना नावाच्या प्रकल्पात चिनी लोकांची डोकी थ्रीडी स्कॅन केली तेव्हाही हेच दिसलं, की ती पाश्चात्त्य डोक्यांपेक्षा सरासरीने गोल आणि मागे सपाट होती. अर्थात ती सरासरी झाली. तुमचं डोकं सरासरीप्रमाणे असेलच असं नाही, तेव्हा स्वतःचं मोजा. परदेशातून कुणाकडून मागवताय तर कुठल्या भागासाठीचं आहे ते आधी विचारा.

बाहेरून फार मोठं दिसतं, म्हणून एक साईज लहान घेतलं तर?

बाहेरचा आकार कवचावर अवलंबून असतो. स्वस्त मॉडेलांत एकाच मापाचं कवच आणि आत कमीजास्त फोम भरून चार-पाच साईज काढतात, त्यामुळे 'एस' घालणाऱ्याचं डोकं उगाच मोठं दिसतं आणि मानेवर वजनही जास्त येतं. दिसण्याचा प्रश्न असेल तर तीन-चार वेगवेगळ्या मापांची कवचं असलेलं मॉडेल शोधा, साईज कमी करू नका.

चष्मा आहे. कसं बघू?

चष्मा घेऊनच ट्राय करायला जा, हे अनेक जण विसरतात. आधी हेल्मेट, मग चष्मा. काड्या सरळ सरकल्या पाहिजेत आणि कानशिलांवर दाबल्या जायला नकोत. काही हेल्मेटांत काडीसाठी पॅडमध्ये खाच असते, ती असेल तर उत्तम. सरळ आणि पातळ काड्या वाकड्या आणि जाड काड्यांपेक्षा सोप्या जातात. चष्मा भुवयांकडे तिरका उचलला जात असेल तर पॅडची जाडी बघा.

केस लांब आहेत, दाढी आहे, यानं फरक पडतो का?

पडतो. अंबाडा किंवा उंच पोनीटेल बांधून हेल्मेट घातलं तर ते पूर्ण खाली बसतच नाही, कडा वर राहते आणि सगळी फिटिंग फसवी ठरते. मानेपाशी सैल वेणी घाला, आणि रोज गाडी चालवताना जशी केशरचना असते तशीच ट्राय करताना ठेवा. आत बालाक्लाव्हा (डोकं आणि चेहरा झाकणारी कापडी टोपी) किंवा स्कार्फ घालत असाल तर तोही न्या. दाढीने गालांपाशी किंचित फरक पडतो, कपाळाच्या फिटिंगला काही होत नाही.

फुल फेस, मॉड्युलर आणि ओपन फेस, तिन्हींची फिटिंग सारखीच बघायची?

डोक्यापुरती हो. गालांत फरक आहे, फुल फेसला गालांचे पॅड हेल्मेट धरून ठेवायला खूप मदत करतात, ओपन फेसला तो आधार कमी, म्हणून तिथे डोक्याचा शेप आणि स्ट्रॅप अजूनच बारकाईने बघा. मॉड्युलर म्हणजे हनुवटीचा भाग वर उघडणारं हेल्मेट, ते बंद करून, लॉक लावून ट्राय करा, हनुवटी पुढच्या बारला टेकता कामा नये. ईसीईच्या लेबलवर 'पी' असेल तर हनुवटीचा भाग संरक्षक म्हणून टेस्ट झालाय, 'जे' म्हणजे हनुवटीला संरक्षण नाही, आणि मॉड्युलरवर दोन्ही अक्षरं असू शकतात. माझं मत विचाराल तर फुल फेसच घ्या.

सर्टिफिकेट चांगलं असेल तर फिटिंग थोडी इकडेतिकडे चालेल का?

सर्टिफिकेट हवंच, त्यात तडजोड नाही. ईसीई, अमेरिकेचं डॉट, स्नेल या खासगी संस्थेचं, भारतात आयएस ४१५१ प्रमाणे आयएसआय, तुमच्या देशात जो नियम लागू आहे तो शिक्का खरा आहे ना ते बघा. ईसीई २२.०६ मध्ये तर तिरक्या आघाताची आणि वेगवेगळ्या वेगांची टेस्टही आली. पण हे सगळे आकडे हेल्मेट डोक्यावर जागच्या जागी असेल असं धरून आहेत. शिक्का असलेल्या हेल्मेटांमधून तुमच्या शेपचं शोधा, हा क्रम आहे.

मिप्सवालं हेल्मेट घातलं तर आतला थर थोडा सरकतो, म्हणजे सैल आहे का?

नाही. मिप्स म्हणजे हेल्मेटच्या आत बसवलेला सरकणारा पातळ थर, तो मुद्दाम १० ते १५ मिलिमीटर सरकेल असा बसवलेला असतो, तिरक्या आघातात डोक्याला बसणारा पीळ कमी व्हावा म्हणून. अस्तर डोक्याला चिकटून राहिलं पाहिजे आणि कातडी त्याच्याबरोबर हलली पाहिजे, तेवढं बघा.

ऑनलाइन घेऊ का?

तेच मॉडेल, तीच साईज आधी कुठेतरी घालून बघितली असेल तर बिनधास्त. नसेल तर बदलून देण्याची अट वाचा, आणि आल्यावर स्टिकर, व्हायझरवरची फिल्म काहीही न काढता घरात अर्धा तास घालून बसा. रिव्ह्यू वाचताना 'मस्त कम्फर्टेबल' वगैरे सोडून द्या, ज्याने स्वतःच्या डोक्याचा शेप आणि आधी वापरलेलं मॉडेल सांगितलंय त्याचं वाचा, त्याचं डोकं तुमच्यासारखं असेल तर ते एक मत बाकी सगळ्यांपेक्षा उपयोगी आहे.

स्ट्रॅप किती आवळायचा?

हनुवटीखाली जास्तीत जास्त दोन बोटं जातील एवढा. डबल डी रिंग, म्हणजे दोन कड्यांतून पट्टा ओवायचं बकल, दर वेळी नव्याने ओढावी लागते म्हणून ती दर वेळी बरोबर बसते. दात्यांच्या पट्टीचं बकल सोयीचं आहे, पण त्याची लांबी एकदा नीट सेट करा आणि अधूनमधून तपासा, कारण पट्टा हळूहळू सरकतो.

बसणारं हेल्मेट मिळालं. किती वर्षं वापरू?

अपघातात आपटलं तर लगेच बदला, बाहेरून ओरखडाही दिसत नसला तरी. एरवी स्नेलसकट बरेच जण पाच वर्षं सांगतात. पण फिटिंग त्याच्या आधीही जाऊ शकते. घाम, ऊन आणि रोजचा वापर यांनी पॅड दबतात, तेव्हा वर सांगितलेली कातडी ओढली जाण्याची टेस्ट दर काही महिन्यांनी करत जा आणि सैल वाटलं तर आधी नवीन पॅड टाकून बघा.

माझं जुनं हेल्मेट मागे बसणाऱ्याला दिलं तर चालेल?

त्याच्या डोक्यावर बसलं तर, आणि कधी आपटलेलं नसेल तर. पण हेल्मेटचे पॅड तुमच्या डोक्याप्रमाणे दबलेले आहेत आणि शेप तुमचा आहे, त्यामुळे बहुतेक वेळा ते दुसऱ्याला कुठेतरी सैल होतंच. मागे बसणाराही तुमच्यासोबतच पडतो. त्याचं डोकं वेगळं मोजा, लहान मूल असेल तर दर काही महिन्यांनी परत मोजा, आणि पुढे मोठं होईल तेव्हाही चालेल म्हणून आत्ता मोठी साईज घेऊ नका.